सात मिशा, एक दाढी आणि पहारा

मुलांनो, आज आपण मिळून एक खोली बांधू. विटा नकोत, वाळू नको, मन लावलं की झालं. खोली परळच्या एका अरुंद गल्लीत, तळमजल्यावर. भिंतींना पिवळा रंग, एक खिडकी, खिडकीबाहेर शेवग्याचं झाड. आता मधोमध आठ खुर्च्या गोल मांडा. मांडल्या? त्यांवर सात मिशा आणि एक दाढी बसवा. मिशा फौजेतल्या, दाढी आरमारातली. सगळे ताठ, हात गुडघ्यांवर, नजर समोरच्या भिंतीवर. आणि आता दार उघडून एक किडकिडीत तरुण डॉक्टर आत येऊ द्या.

आठही जण खाडकन उभे राहतात. तीन खुर्च्या मागच्या मागे उलटतात.

१९८४ सालच्या उन्हाळ्यात दर गुरुवारी हे असंच व्हायचं. ही खोली एका व्यसनमुक्ती केंद्राची. दारू सुटत नाही अशी माणसं तिथे राहायला यायची आणि गुरुवारची बैठक खास माजी सैनिकांची असायची. तुम्ही विचाराल, सैनिक एवढे शूर, मग त्यांना दारू कशाला लागते? लढाई संपली की बंदूक जमा करून घेतात. पण लढाईत जे पाहिलं, जे ऐकलं, ते जमा करून घेणारी खिडकी कुठल्याच छावणीत नसते. ते माणसाबरोबर घरी येतं. झोपू देत नाही. मग कुणी त्याला दारूने झोपवायला बघतो, आणि थोड्याच दिवसांत एकाचे दोन आजार होतात. दोन्हींवर उपाय आहेत. ताप आला तर आपण लाजत नाही, तसं यालाही लाजायचं कारण नाही. तरी माणसं लाजतात.

त्या सात मिशांपैकी सर्वांत टोकदार मिशी कोंडीरामची. महार रेजिमेंटमधून तो नाईक म्हणून निवृत्त झाला होता आणि वरळीच्या बीडीडी चाळीत राहायचा. त्याने घडी घातलेली चादर पाहिली तर पुठ्ठ्याची वाटावी. मुलगी ललिता हिचे शाळेचे बूट तो असे चमकवायचा, की तिच्या मैत्रिणी वाकून त्यांत भांग सरळ करायच्या. फौजेनंतर तो एका गिरणीच्या गेटवर पहारेकरी झाला. मग संप झाला, गेटाला कुलूप लागलं, आणि कुलपाला पगार द्यावा लागत नाही. कोंडीराम घरी बसला. पूर्वी रात्रपाळी होती तेव्हा झोप न येण्याचा कुणाला त्रास नव्हता, उलट त्याचाच पगार मिळायचा. आता रिकाम्या रात्री उरल्या आणि कोपऱ्यावरचा गुत्ता.

त्याची बायको जाईबाई लालबागला मसाल्याच्या डंकावर कामाला होती. तिला मिठी मारली की ललिताला दोन शिंका यायच्या, इतकी तिच्या लुगड्यात मिरची मुरलेली. तिनेच शोधाशोध करून नवऱ्याला या केंद्रात आणलं. महिनाभराने डॉक्टरांनी त्याला घरी सोडलं आणि चौथ्या दिवशी तो गुत्त्यावर सापडला. जाईबाईने त्याला दंडाला धरून परत आणलं आणि डॉक्टरांसमोर उभं केलं. ती ओरडली नाही. या वेळी हा घरी येईल तो बरा होऊनच आला पाहिजे, म्हणाली, नाहीतर ललीला घेऊन मी मंडणगडला भावाकडे जाते, कायमची.

मंडणगड काही वाईट नाही. आंबे आहेत, फणस आहेत, मामाची म्हैस आहे. पण तिथे बाबा नसणार होते. ललिताला एवढं एकच दिसत होतं.

डॉक्टरांचं नाव रघुवीर. तेही चक्रावले होते. कोंडीरामची फाईल त्यांनी पुन्हा पुन्हा वाचली. चार गुरुवार, एकच उत्तर. झोप कशी आहे? सब ठीक, साब. स्वप्नं पडतात? सब ठीक, साब. दारूची आठवण होते? सब ठीक, साब. बाकीच्या सात फाईलींतही हेच, अक्षर न अक्षर. आठ माणसं इतकी ठीक असतील, तर ती इथे आलीच का?

उन्हाळा म्हणजे मसाल्याचा हंगाम. डंकावर जाताना जाईबाई रोज सकाळी ललिताला केंद्रात सोडायची. ललिता ओसरीवर बसून सुट्टीचा अभ्यास करायची आणि दुपारी बाबांबरोबर डबा खायची. दोन दिवसांतच तिच्या ध्यानात एक गंमत आली. केंद्राच्या फाटकावर कायम कुणीतरी उभं असायचं. कुणी नेमलेलं नव्हतं. या मंडळींनी आपापसातच पाळ्या लावून घेतल्या होत्या, दोन-दोन तासांच्या. फाटक दिसलं आणि त्यावर पहारा नाही, हे त्यांना बघवेना. एकदा तर खुद्द रघुवीर डॉक्टरांची स्कूटर अडवून बुधाजीने नाव आणि काम विचारलं.

"मी डॉक्टर. तुम्हाला बरं करायला आलोय," डॉक्टर म्हणाले.

बुधाजीने थोडा विचार करून त्यांना आत सोडलं.

हा बुधाजी उंच, खांदे एवढे रुंद की दारातून तिरका व्हायचा. एका सकाळी त्याची पाळी संपली आणि कोंडीराम पहारा घ्यायला गेला. ललिता जवळच अपूर्णांकांची बेरीज करत होती. दोघे समोरासमोर उभे राहिले आणि बुधाजीने हळू आवाजात सांगायला सुरुवात केली. दूधवाला आला, गेला. काळं कुत्रं गटाराजवळ झोपलंय, लंगडतंय. नवाच्या सुमारास माझे हात थरथरले. साडेनवाला पाय गुत्त्याकडे वळत होता, म्हणून फाटकाची सळई धरून उभा राहिलो. पाणी प्यायलो, दोन तांबे. आता बरं आहे, पण डोकं धड नाही.

"और कुछ?" कोंडीरामने विचारलं.

"रात्री पोराच्या आठवणीने रडलो," बुधाजी म्हणाला. "और कुछ नहीं."

मग कोंडीराम त्याच्या जागी उभा राहिला. दोन तासांनी आरमारातला दाढीवाला रामचंद्र आला. हा वरळी कोळीवाड्याचा. कोंडीरामनेही त्याला सगळं तसंच सांगितलं, थरथरीसकट, घामासकट.

ललिताची पेन्सिल थांबली होती. दुपारी डबा खाताना तिने विचारलं, "बाबा, हे तुम्ही बुधाजीकाकांना सांगता, रामचंद्रकाकांना सांगता. मग डॉक्टरांना का नाही सांगत?"

कोंडीरामला प्रश्नच विचित्र वाटला. भाकरीचा तुकडा मोडत त्याने तिला समजावलं. पलटणीत मोठे साहेब महिन्यातून एकदा सगळ्यांना गोळा करून विचारतात, कुणाला काही तक्रार? तेव्हा सब ठीक म्हणायचं असतं. साहेबासमोर रडगाणं गाणारा जवान अख्ख्या पलटणीची मान खाली घालतो.

"आणि पहारा सोपवताना?"

"तिथे खोटं चालत नाय, लली," तो म्हणाला. "पहारा सोपवताना एक गोष्ट लपवली, तर पुढच्याचा जीव जातो." त्याने तुकडा तसाच डब्यात ठेवला. त्यानंतर तो जेवला नाही.

ललिताला आता एक फार मोठी गोष्ट कळली होती आणि ती कुणाला सांगावी हे कळत नव्हतं. डॉक्टरांना सांगितलं तर बाबांची चहाडी केल्यासारखं होईल. नाही सांगितलं तर पुन्हा सब ठीक, पुन्हा घरी, पुन्हा गुत्ता, आणि मग मंडणगड. मुलांनो, मोठ्या माणसांनाही हा पेच सुटत नाही. ललिताने तो कसा सोडवला सांगतो. तिने आधी बाबांनाच विचारलं, मी हे डॉक्टरांना सांगू का. कोंडीराम बराच वेळ मिशीचं टोक पिळत राहिला. मग तो फाटकाकडे बघत म्हणाला, की तुझ्या तोंडाला मी काय कुलूप लावलेलं नाही.

रघुवीर डॉक्टर पायरीवर चहा पीत होते. ललिताने उभ्याउभ्या सगळं सांगितलं. चहात बुडवलेलं बिस्किट तुटून तळाला गेलं, तरी डॉक्टरांचा हात तसाच. शेवटी त्यांनी एवढंच विचारलं, की पहारा घेणारा नेमकं काय म्हणतो. और कुछ, ललिता म्हणाली.

पुढचा गुरुवार आला. त्या दिवशी डॉक्टरांनी आठही जणांची परवानगी घेऊन जाईबाईला आणि ललिताला दाराजवळच्या बाकावर बसवलं. ते आत आले, आठ जण खाडकन उठले, खुर्च्या उलटल्या. डॉक्टरांनी चपला काढल्या आणि ते सरळ भिंतीशी जाऊन फरशीवर मांडी घालून बसले. आता आली का पंचाईत? फरशीवर बसलेल्या माणसासमोर सावधानमध्ये किती वेळ उभं राहणार? मिशा एकमेकींकडे बघू लागल्या.

आज मी काही विचारणार नाही, डॉक्टर म्हणाले. मी साहेब नाही, मला तर शाळेत कवायतीत शून्य मार्क होते. तुम्ही आठ जणांनी या आठवड्याचा पहारा एकाने दुसऱ्याला सोपवायचा. मी फक्त ऐकेन.

रामचंद्र दाढीत हसला. जहाजावरपण असंच असतं, म्हणाला, फक्त खाली फरशी डुलते.

सुरुवात बुधाजीने केली. तो कोंडीरामसमोर उभा राहिला आणि फाटकावर बोलायचा तसं बोलला, आठवड्याचं सगळं. एकदा चड्डीची नाडी तुटल्याचंही सांगितलं, तेव्हा खोलीभर हशा पिकला. त्याचं संपलं. आता कोंडीरामने रामचंद्रला पहारा सोपवायचा होता.

त्याने झोपेचं सांगितलं. दाराची कडी रात्रीत चारदा तपासतो, ते सांगितलं. हात थरथरतात ते सांगितलं.

"और कुछ?" रामचंद्रने विचारलं.

"नहीं."

रामचंद्र पुढे आला नाही. पहारा घेणाऱ्याला वाटलं की काही राहिलंय, तर तो जागेवरून हलत नाही, हा त्यांचा रिवाजच होता. खिडकीबाहेर शेवग्यावर कावळा येऊन बसला, गेला.

"और कुछ, कोंडीराम?"

बाकावर जाईबाईने ललिताचा हात धरला.

"एकाहत्तरच्या लढाईत," कोंडीराम म्हणाला, आणि त्याचा आवाज एकदम तरुण माणसासारखा झाला. "नाल्याच्या पलीकडे मला खुडबुड ऐकू आली होती. आदल्या रात्री मी असाच इशारा दिला, तर कोल्हा निघाला. सगळे हसले मला. म्हणून त्या रात्री पहारा घ्यायला आलेल्या शिवाला मी सांगितलं, सब ठीक. तासाभरात त्याच्या पायात गोळी घुसली. पाय कापावा लागला. शिवा मला दर वर्षी पत्र पाठवतो. मी एकपण उघडलं नाय."

मग रामचंद्र एक पाऊल पुढे आला आणि त्याने कोंडीरामच्या खांद्यावर हात ठेवला. "पहारा माझ्याकडे आला," तो म्हणाला. "तू बस आता."

कोंडीराम बसला. तेरा वर्षं उभा असल्यासारखा बसला. डोळ्यांतलं पाणी मिशीच्या टोकांवरून टपटपत होतं आणि तो ते पुसत नव्हता. सर्वांत आधी नाक शिंकरलं ते बुधाजीने, इतक्या मोठ्याने की कावळा परत आला होता तो पुन्हा उडाला. मग सगळेच हसले, कोंडीरामसुद्धा.

आता मी तुम्हाला असं सांगणार नाही, की कोंडीराम त्या दिवशी बरा झाला. असं होत नसतं. डॉक्टर म्हणाले, आता कुठे मला कळलं की औषध कशावर द्यायचं. अजून दोन महिने इथे राहायचं आणि घरी गेल्यावरही दर गुरुवारी यायचं. कोंडीरामने विचारलं, की यायलाच पाहिजे का, आणि उत्तर यायच्या आत स्वतःच म्हणाला, येईन.

जाईबाईने पदराने तोंड पुसलं. मामाला निरोप धाडते, ती ललिताला म्हणाली, की आम्ही येत नाही, आंबे मात्र पाठव.

संध्याकाळी जाईबाईने घरी जाऊन ट्रंकेच्या तळातून आणलेली शिवाची तेरा पत्रं कोंडीरामने ओसरीवर एकेक करून उघडली. शिवा आपल्या गावी शिवणयंत्र चालवत होता. एका पायाने मशीन चांगलं पळतं, असं त्याने लिहिलं होतं, आणि प्रत्येक पत्रात शेवटी एकच प्रश्न होता, तू बरा आहेस ना. कोंडीरामला लगेच उत्तर धाडायचं होतं, पण पेन्सिल धरली की बोटं नाचायची. तेव्हा ललिता वहीचा कोरा कागद घेऊन बसली. ती त्याची लेखनिक झाली.

"लिही," कोंडीराम म्हणाला. "प्रिय शिवा यास, सप्रेम जयभीम."

ललिताने लिहिलं.

"इकडील सर्व ठीक आहे, तिकडील कळवावे."

सगळीच पत्रं अशी सुरू होतात. ललिताचा हात सवयीने पुढे गेला, तिने अर्धी ओळ लिहिलीसुद्धा. मग ती थांबली. तिने बाबांकडे पाहिलं. बाबांनी तिच्याकडे पाहिलं.

ललिताने पट्टी घेतली, ती ओळ सरळ रेघेने खोडली, आणि पेन्सिलीला टोक काढू लागली, कारण आता बरंच लिहायचं होतं.