कसर लागलेला हापसा

लातूर जिल्हा नवा झाला, त्याच्या दुसऱ्या उन्हाळ्यात आमचा हापसा बंद पडला. विहिरी आधीच कोरड्या. पाणी म्हणजे दीड कोस चालणं. आम्ही तीन अर्ज दिले. कारकून म्हणाला, "साहेब मद्रासकडचे हायत बाई. मराठी वाचत न्हाईत. इंग्रजीत द्या."

इंग्रजी अक्षरं मी खताच्या पोत्यांवरून शिकलेली. वाचायला यायचं, अर्थ कळायचा नाही. शेजारच्या कमरुन्निसाआपांकडं त्यांच्या अब्बांचं शब्दांचं पुस्तक होतं, एका बाजूला इंग्रजी, दुसऱ्या बाजूला उर्दू. आपांना नुसती उर्दू येई. म्हणून एका पुस्तकाला आम्ही दोघी लागायचो.

मोडक्या वस्तूंचं आख्खं पान सापडलं.

"रस्टी," मी वाचलं.

"जंगआलूद. गंजलेला."

"डि... डिलॅपिडेटेड." तिसऱ्या खेपेला जमलं.

"खस्ताहाल. टूटा-फूटा."

"मॉथ-ईटन."

"किर्मखुर्दा. कसर खाई सो चीज."

कोणता शब्द हापश्याला बसतो ते काही ठरेना.

"सब लिख डाल गे," आपा म्हणाल्या. "साब कू रहम आएगा."

पानावरचे अकराच्या अकरा शब्द लिहिले.

आठ दिवसांत निरोप आला, साहेब स्वतः बघायला येणार. आपांचं तोंड उतरलं. "लिखे सो झूट निकला तो? पानी भी गया, इज्जत भी."

गंज होताच. डगमगतही होता, उरलंसुरलं आम्ही हलवून घेतलं. दहा शब्द खरे झाले. पण लोखंडाला कसर कुठून आणावी? शेवटी आपांनी पेटीतून अब्बांची जाळी झालेली शाल काढली आणि हापश्याच्या दांड्याला गुंडाळली.

साहेब अर्ज घेऊन हापश्याभोवती फिरले. एकेका शब्दावर खूण करत शालीपाशी थांबले. एका भोकात बोट घालून बघितलं. मग तोंड फिरवून लई वेळ खोकत राहिले. खोकून झाल्यावर अकरावी खूण केली.

चौथ्या दिवशी मिस्त्री आला. पाणी आलं. जाताना म्हणाला, "काम झालं म्हणून साहेबांना इंग्रजीत लिहून द्या."

दुरुस्तीच्या शब्दांचं पान उघडलं, तर त्याला खरीच कसर लागलेली. नुसती चाळणी. मग मी जुनेच शब्द घेतले. नॉट रस्टी. नॉट रिकेटी. असं करत नॉट मॉथ-ईटनपाशी आले, तर आपांनी माझा हात धरला.

"ठैर गे."

लगबगीनं गेल्या, दांड्याची शाल सोडून काखेत मारून आल्या, आणि धापा टाकत बसल्या.

"हौ. अब लिख."