समोरची बाजू

मित्रांनो, मी एक जुने मेज आहे. पण साधेसुधे नाही हं! घराच्या छपरासारखा मला दोन्हीकडे उतार आहे. दोन मुलांनी समोरासमोर बसावे, आपापल्या उतारावर पुस्तक टेकवावे आणि वाचावे, यासाठी माझा जन्म. एका ज्यू शाळेत माझे सारे आयुष्य गेले.

मला घडवले ते शाळेतल्याच एका मुलीच्या वडिलांनी. ते सुतार होते, पण स्वतः वेगळ्या पद्धतीच्या शाळेत शिकलेले. मुलांनी एकमेकांचे बघून लिहू नये म्हणून त्यांनी हौसेने माझ्या मधोमध उंच फळी ठोकली. ती पाहून थोरले गुरुजी पोट धरून हसले.

"अहो, ही भिंत कशाला? आमच्याकडे धर्मग्रंथ एकट्यानं वाचत नाहीत. जोडीनं वाचायचा आणि जोडीदाराशी कडकडून वाद घालायचा. तुम्ही तर त्यांना एकमेकांचं तोंडच दिसू देत नाही!"

सुतारकाका ओशाळले आणि त्यांनी फळी काढली. तिची खाच अजून माझ्या पाठीवर आहे.

मग काय, सुरू झाला कलकलाट! साऱ्या जोड्या एकदम मोठ्याने वाचत, माझ्यावर मुठी आपटत. पाहुणे कानांत बोटे घालत. गुरुजी म्हणत, "वर्ग शांत झाला की मला धास्ती वाटते." इथे उत्तरापेक्षा चांगल्या प्रश्नाला शाबासकी जास्त. मात्र वाद संपला की हात मिळवूनच उठायचे, हा दंडक होता.

किती जोड्या आल्या नि गेल्या, पण माझा जीव जडला तो दोन मुलींच्या एकाच जोडीवर. त्यांतल्या एकीला सगळे मिरची म्हणत, दुसरीला गोगलगाय. मिरचीचे उत्तर प्रश्नाच्या आधी तयार. गोगलगाय एकच ओळ चघळत बसायची. एका शुक्रवारी त्यांचा धडा होता हरवलेल्या वस्तूंचा. सापडलेली वस्तू मालकाला परत करायची, पण मालकाने आशाच सोडली असेल तर ती ज्याला सापडली त्याने ठेवावी.

"मालकानं आशा सोडलीय, हे कळणार कसं?" मिरचीने मूठ आपटली.

"कधीतरी सोडणारच ना. किती शोधेल बिचारा?" गोगलगाय म्हणाली.

"मी नसती सोडली! कध्धीच नाही!"

"तू हट्टी आहेस. कायदा काय तुझ्या एकटीसाठी केलाय?"

तेवढ्यात घंटा झाली. शुक्रवारी सूर्य मावळला की शब्बाथ, म्हणजे विश्रांतीचा पवित्र दिवस, सुरू होतो; म्हणून शाळा लवकर सुटते. "थांब, पुढच्या तासाला तुला गप्पच करते!" असे म्हणत मिरची पळाली. हात मिळवायचा राहिला.

ती परत आलीच नाही. वडिलांची दूर कुठे तरी बदली झाली, एवढेच गुरुजींनी सांगितले. गोगलगाय रोज आपल्या बाजूला बसे आणि समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत राही. पुढे तिला नवी जोडीदारीण मिळाली. पोर गुणाची होती, पण तिच्या मुठीत तो जोर नव्हता. मला मिरचीची फार आठवण येई. अजून येते.

गुरुजी गेले. गोगलगायही मोठी होऊन शाळेतून गेली. एकेकट्याने बसायची गुळगुळीत बाके आली आणि माझी रवानगी अडगळीच्या खोलीत झाली. मोडक्या खुर्च्या अंगावर घेऊन, पायाला वाळवी लागलेली सोसत, मी दाराच्या फटीतून मुलांचे आवाज ऐकत पडून असे. ते आवाजही आता हळू झाले होते.

एके दिवशी दार उघडले. शिपाईदादा आत आले आणि त्यांच्यामागून नव्या बाई. ती संथ चाल मी लगेच ओळखली. गोगलगाय! केसांत रुपेरी बट आलेली.

"बाई, हे मेज उद्या भंगारात जाणार," शिपाईदादा म्हणाले. "याला विचारणारं कुणी उरलंच नाही."

बाईंनी माझ्या खाचेवरून बोट फिरवले.

"कुणी सांगितलं? मालकानं आशा सोडलेली नाही," त्या म्हणाल्या. शिपाईदादांनी माझ्या अंगावरच्या मोडक्या खुर्च्या उतरवल्या.

आता मी पुन्हा वर्गात आहे. एक पाय झिजल्यामुळे डुगडुगते खरे, पण मुठींचा मार आनंदाने खाते. मित्रांनो, माझी एवढीच विनवणी आहे. तुमच्याशी जिवाभावाने भांडणारे कुणी समोर बसत असेल, तर घंटा होवो की आणखी काही होवो, हात मिळवल्याशिवाय उठू नका.

शुक्रवारी वर्ग रिकामा झाला की बाई आपल्या जुन्या बाजूला येऊन बसतात. "तुझंच खरं होतं गं," असे पुटपुटतात आणि माझ्या खाचेवरून हात पलीकडे नेऊन थोडा वेळ तसाच धरून ठेवतात.