बळीरामच्या मनगटावरची लाल दोरी

मित्रांनो, मी एक जुनी, लाल, पिळदार दोरी आहे. धरणातल्या स्पीडबोटीवर राहते. माझं एक टोक बटणात अडकवलं, तरच इंजिन चालू होतं. पण दुसरं टोक कशासाठी? कारखान्यातून निघाले तेव्हापासून हा प्रश्न माझं डोकं खात होता.

बोटवाला बळीराम ते टोक सीटच्या दांडीला गुंडाळून मोकळा व्हायचा. वर आपला ओला दुपट्टा वाळत घालायचा. अस्सा राग यायचा मला!

आर्णीचा बाजार करून धरणापलीकडची माणसं अंधार पडल्यावर आमच्या बोटीनं परतायची. किडे तोंडावर येतात म्हणून बळीराम दिवाही लावायचा नाही, बोट नुसती सुसाट. त्याचं जुनं गाव याच पाण्याखाली होतं. "कायले भेता? माह्याच गावावरून जाऊन राह्यलो. चिंच कुठी, मंदिर कुठी, सारं पाठ हाये मले," तो ऐटीत म्हणायचा. खाली काय काय असेल, याची मलाही भारी उत्सुकता.

एका रात्री नर्स दीपाताई बोटीत आल्या. त्यांनी मला दांडीवरून सोडवलं. "बळीरामभाऊ, हे मनगटाले बांधा. तुमी पडले तं ओढ बसून इंजिन बंद होते. नाई तं मी बसत नाई."

अस्सं होय! इतक्या वर्षांनी मला माझं काम कळलं. बळीराम हसला, पण त्यानं बांधलं.

त्या रात्री, कालव्याला पाणी सोडल्यानं, धरण चार हात उतरलेलं होतं. बळीरामला गाव पाठ होतं, उतरलेलं पाणी नव्हतं. बोट चिंचेच्या वाळल्या खोडावर धडकली आणि तो उडून पाण्यात पडला. त्याच्यासोबत मीही! माझं टोक बटणातून सुटलं, इंजिन गप्प झालं. बोट गरकन त्याच्याकडेच वळली होती. तिचा पंखा हातभर अंतरावर थांबला. दीपाताईंनी त्याला वर ओढलं. "माह्या गावानंच मारलं असतं मले," म्हणत तो ढसाढसा रडला.

आता रात्री तो दिवा लावून हळू जातो. दसऱ्याला मला हळदकुंकू वाहतो. कुणी नवी दोरी घ्या म्हटलं, की म्हणतो, "हिनं जीव वाचवला, हिले कशी टाकू?"

त्याची माया कळते हो मला. पण माझा पीळ गेला आहे, धागे विरले आहेत. पुढच्या झटक्याला मी मधूनच तुटेन, टोक बटणातच राहील आणि इंजिन चालू राहील. मित्रांनो, त्याच्या बोटीत बसाल तेव्हा एवढं सांगाच: काका, तिची पूजा नको, तिला बदला.