पेर्लाचा वेगळा पेला

पायसांदू शहरातल्या त्या गल्लीत झुल्माबाईचं नाव निघालं की बायका म्हणत, बहिणीसाठी जन्म वाहिला हो हिने. झुल्मालाही ते ऐकायला आवडे, खोटं कशाला बोला. आई गेल्यापासून सव्वीस वर्षं धाकट्या पेर्लाची अंघोळ, फिटच्या गोळ्या, बुटाच्या नाड्या, सगळं तिनेच केलं होतं. पेर्ला चोपन्न वर्षांची, पण बुद्धीने लहान राहिलेली. जीभ जाड, बोलताना आणि पिताना लाळ गळे. झुल्मा शिवणकामावर घर चालवी, आणि पेर्लाला काय हवं नि काय नको हे पेर्लाच्या आधी तिलाच ठाऊक असे. निदान ती तसं सगळ्यांना सांगे.

म्हणून तर रोसिनाचा निरोप आला तेव्हा ती भडकली. पेर्ला दिवसा ज्या केंद्रात कुंड्या भरायला जाई, तिथली ही तरुण समाजसेविका. केंद्राने दोन गल्ल्या पलीकडे अशा बायकांसाठी घर घेतलं होतं. तिघी जणी एका मदतनीस बाईसोबत राहत होत्या, पेर्ला केंद्रातून कधीमधी त्यांच्याकडे चहाला जाई, चौथी खोली रिकामी होती, आणि पेर्लाने म्हणे स्वतःहून ती मागितली होती. पेर्लाने मागितली! कुणीतरी डोक्यात भरवलंय, दुसरं काय. शनिवारी दुपारी रोसिना विचारायला येणार होती. झुल्माने उत्तरं शुक्रवारीच तयार ठेवली.

रोसिना आली तेव्हा टेबलावर तळलेल्या पुऱ्या साखर भुरभुरून ठेवल्या होत्या. झुल्माने भोपळ्याच्या पेल्यात कडू चहाची पानं भरली आणि थर्मास काखेत धरला. आमच्याकडे हा चहा सगळे एकाच पेल्यातून, एकाच नळीने ओढतात. ओतणारी एक असते आणि पेला हातोहात फिरतो. पेर्लापुढे मात्र चांदीची कड असलेला वेगळा पेला होता. वीस वर्षांपूर्वी एका चुलतवहिनीने पेर्लाच्या मागून पिताना तोंड वाकडं केलं, तेव्हा झुल्माने दुसऱ्याच दिवशी तो आणला आणि पेर्लाला सांगितलं, हा राणीचा. राण्या कुणाचं उष्टं पीत नाहीत. पेर्ला तेव्हा हरखलेली दिसली. नाव वहिनीचं झालं, पण किळस झुल्मालाही येत होती, आणि हे तिने कुणालाच, अगदी पाद्र्यालाही, सांगितलं नव्हतं.

रोसिनाने पहिला प्रश्न पेर्लाला विचारला, उत्तर झुल्माने दिलं. दुसऱ्याचंही तेच झालं. पेर्लाला अंधाराची भीती वाटते, पेर्लाला परक्याच्या हातचं जेवण चालत नाही, पेर्ला माझ्याशिवाय राहूच शकत नाही. पेर्ला पुरी खात ऐकत होती, जणू दुसऱ्याच कुणाबद्दल चाललंय.

"झुल्माबाई, रागावू नका," रोसिना शेवटी म्हणाली, "पण जरा तिला बोलू द्या."

"बोलू दे की. मी काय तिचं तोंड धरलंय?"

"पेर्ला, तुला त्या घरी का जायचंय?"

पेर्लाने बोटांवरची साखर चाटली. ती दुसऱ्या पुरीकडे वळली, तशी झुल्मा मनात म्हणाली, सुटले बाई.

"तिथे एकच पेला आहे," पेर्ला म्हणाली. "मलाही देतात. माझ्यानंतर तिथली ओदिल्या पिते."

झुल्मा हसली. "अगं वेडे, पण इथे तुझा राणीचा पेला आहे ना?"

"तो राणीचा नाही. तुला माझी घाण वाटते म्हणून आहे."

तिच्या आवाजात राग नव्हता. बाहेर वारा सुटलाय, एवढंच सांगावं तसं ती बोलली. रोसिना पुऱ्यांच्या ताटलीकडे बघत राहिली. झुल्माचे कान तापले. कुणी शिकवलं तुला हे, असं ओरडणं अगदी तिच्या ओठावर आलं होतं, पण निघालं भलतंच.

"कधीपासून माहीत आहे तुला?"

"पहिल्यापासून. तो पेला धुवायचं फडकं वेगळं आहे."

"मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"तुला लाज वाटली असती, ताई."

झुल्माला वाटलं, आत्ताच्या आत्ता जमिनीत गडप व्हावं. हिला काही कळत नाही, असं ती गल्लीभर सांगत फिरली होती, आणि ही मुकाट्याने तिची अब्रू झाकत बसली होती. तिने घाईघाईने आपलाच पेला भरला आणि पेर्लाच्या हातात कोंबला.

"घे. यातूनच पी. आजपासून आपला एकच. आता कुठे जायला नको, हो ना?"

पेर्लाने आधी रोसिनाकडे पाहिलं, मग बहिणीकडे. दोन्ही हातांनी पेला धरून ती सावकाश प्यायली आणि शेवटचा घोट सुर्रकन ओढून तिने पेला परत दिला. नळीच्या टोकाला लाळेची तार लोंबत होती.

झुल्माने पुन्हा गरम पाणी ओतलं. आता पाळी तिची होती. ही राहते की जाते, ते या घोटावर ठरणार, एवढं तिला कळत होतं. दुसऱ्याच्या मागून पिताना नळी पुसणं म्हणजे त्याच्या तोंडावर थुंकणं, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. झुल्माने स्वतःला बजावलं, हिचं हगणंमुतणं काढलंस, हिच्या तापात हिच्या कुशीला झोपलीस, मग एका नळीचं काय एवढं. ती खरोखरच पिणार होती. तिने पेला उचलून तोंडाजवळ नेला. डाव्या हाताने एप्रनचं टोक कधी धरलं, ते तिचं तिलाही कळलं नाही.

रोसिनाने ते पाहिलं. पेर्लानेही पाहिलं.

"पूस, ताई," ती हळूच म्हणाली. "मी नाही बघत."

आणि तिने खरंच खिडकीकडे तोंड फिरवलं.