सोडायला दुमडच नाही

शाळेचा गणवेश आमच्याच दुकानातून घ्यायची सक्ती. मालकानं मला बजावलेलं, "स्कर्टला खाली दुमड ठेवू नकोस. पोरी वाढल्या की नवा घेतील." आपण काय, मान डोलावली आणि वर्षभर तसेच शिवले.

परवा धाकटी बहीण भाचीचा स्कर्ट घेऊन घरी आली. "दादा, गुडघ्याच्या वर गेलाय, बाई वर्गात घेत नाहीत. जरा दुमड सोडून दे ना."

उलटा करून बघितला. सोडायला बोटभर कापड नाही.

"तुमच्यातल्या कुठल्या मेल्यानं शिवलाय रे?"

"चौघं शिंपी आहोत, असेल कुणीतरी," मी म्हणालो. स्कर्ट फक्त मीच शिवतो.

तिनं स्कर्टची घडी घातली. "जाऊ दे, नवा घेते. या खेपेला तूच शीव हं, दादा."