ठमीसाठी सोडलेली जागा

मी एक कॅसेट बोलतेय. म्हणजे बोलायचे ते मास्तर. मी आपली त्यांचा आवाज पोटात घेऊन बसलेय.

मास्तर इंग्रजी शिकवायचे आणि त्यांचीच लेक भूतकाळात गटांगळ्या खायची. दिव्याखाली अंधार, दुसरं काय! बहुतेक इंग्रजी क्रियापदं बिचारी गरीब, मागे ‘एड’ लावलं की निमूट भूतकाळात जातात. पण काही महाहट्टी, ती रूपच पालटतात. घोकण्यावाचून इलाज नाही. रोज संध्याकाळी मास्तर दुसऱ्यांच्या मुलांच्या शिकवण्यांत अडकलेले, म्हणून एका रविवारी त्यांनी खिडक्या लावून घेतल्या आणि मला भरलं.

“गो,” म्हणून ते थांबायचे. ती जागा लेकीच्या उत्तरासाठी. मग, “वेंट, गॉन.” ‘ब्रिंग’च्या वेळी मात्र जागा सोडून वर म्हणाले, “चुकलीस ना, ठमे? ब्रॉट, ब्रॉट!” ती ‘ब्रिंग्ड’ म्हणणार हे त्यांना आधीच ठाऊक. आणि ही बया रोज तेच म्हणायची, वर खुदुखुदु हसायची. तिचं खरं नाव मला अजून माहीत नाही.

ठमी पास झाली, मोठी झाली. मी बुटांच्या खोक्यात गेले. तिथे दिवस नाही, वार नाही. मधूनच वाटायचं, कुणीतरी “गो” म्हणालं. उत्तर काही यायचं नाही. किती वर्षं झोपले, कोण जाणे.

झाकण उघडलं तेव्हा ठमीच्या केसांत पांढरी बट होती. पलंगावर मास्तर. झटका आला होता; उजवा हात गेला आणि वाचाही गेली. उपचार करणाऱ्या बाई म्हणाल्या, “आयुष्यभर घोकलेलं कधीकधी आधी परत येतं. ऐकवून बघा.”

रोज दुपारी ठमी बटण दाबायची. तरुण मास्तर म्हणायचे, “गो.” म्हातारे मास्तर ऐकायचे. जागेत नुसती माझी खरखर. विसाव्या दिवशी त्या जागेत एक घोगरा शब्द आला. “वें…ट.” ठमीने ओढणी तोंडात कोंबली. मला तर गरगरायलाच लागलं. तसं ते रोजचंच म्हणा.

पण माझंही वय झालंय. काल ‘ब्रिंग’ म्हणता म्हणता माझी झिजलेली फीत अडकली आणि तुटली.

“अरे देवा! बाबा, तुमचा आवाज घालवला हो मी!” ठमी मटकन खाली बसली. मास्तर तिच्याकडे बघत राहिले. डोळे पुसत ती पुटपुटली, “ब्रिंग… ब्रिंग्ड.”

मास्तरांचे ओठ थरथरले. “चु…कलीस ना… ठमे?”

आजारपणानंतर लेकीला मारलेली ही पहिली हाक.

आता ती चिकटपट्टी घेऊन मला जोडायला बसलीय. असू दे गं, पोरी. ठेव मला खोक्यात, झोपते मी. तू पलंगापाशी जा. मास्तर मघापासून थांबलेत, तू पुन्हा चुकायची वाट बघत.