माशांच्या पेटीचं झाकण

हे २०१४ सालच्या एप्रिलमधलं. माझे यजमान श्यामराव नुकतेच निवृत्त झाले होते. त्यांनी सहा एंजल मासे पाळले आणि टाकीवर स्वतः सागवानी झाकण केलं, आत ट्यूबलाइट बसवलेलं. झाकण इतकं घट्ट की उन्हाळ्यात पाणी चौतीस अंशांवर गेलं. तीन मासे गेले.

"अजून एक गेला तर टाकी देऊन टाकतो," हे म्हणाले. त्या दिवशी ते जेवले नाहीत.

समोरचे सुखदेव कांबळे वीज मंडळातून निवृत्त झालेले. बुधवार पेठेतून त्यांनी कॉम्प्युटरचा छोटा पंखा आणला. झाकणाच्या डाव्या बाजूला पंखा, उजव्या बाजूला हवेसाठी भोकं.

"पंख्यानं हवा आत फेकू द्या," हे म्हणाले.

"श्यामराव, गरम हवा बाहेर काढायचीय. शाळेत हा धडा झाला तेव्हा आपण रजेवर होता का?"

पंखा बाहेरच्या दिशेने लागला. तरी तिसऱ्या दिवशीही पाणी तेहतीसच. एक मासा वर येऊन तोंड उघडझाप करू लागला. दोघे पुन्हा पंख्याच्या दिशेवरून भांडले; मग सुखदेवभाऊ घरी गेले आणि हे दुपारचे आत झोपायला गेले.

मी फडकं घेऊन टाकी पुसायला गेले. पंख्यापुढे हात धरला, तर वारं जेमतेम. ती भोकं दारातून आल्याआल्या दिसत, म्हणून मीच त्यांच्यावरून कशिद्याचं जाड कापड सोडलं होतं. ते उचललं आणि पंख्याचा आवाज मोकळा झाला. संध्याकाळी पाणी तिसावर आलं. मासा खाली जाऊन पोहू लागला.

चहाच्या वेळी मी सगळं सांगून टाकलं.

"वहिनी," सुखदेवभाऊ म्हणाले, "माशांना सर्दी होऊ नये म्हणून टोपरं घातलं होतंत का?"

मग हे हसले. महिन्याभरात पहिल्यांदाच.

ते तिन्ही मासे चार वर्षं जगले. त्यानंतरही टाकी कधी रिकामी राहिली नाही. सुखदेवभाऊ आणि त्यांच्या पत्नी ललिताताई लेकीकडे, आम्रपालीकडे, नागपूरला राहायला गेले. अजून दर रविवारी फोन येतो. हे २०२१ मध्ये गेले, आदल्या दिवशी टाकीचं पाणी बदलून. टाकी आता सुखदेवभाऊंच्या मुलाकडे, प्रज्ञेशकडे, हिंजवडीला आहे. मी इथेच आहे, माझं बरं चाललंय. मे महिन्यात प्रज्ञेश फोन करून पाणी किती अंशांवर आहे ते सांगतो, आणि मी त्याला काय करायचं ते सांगते.